वऱ्हाडातील पंखधारी सृष्टी : गाविलगडचा गंडभेरुंड आणि कल्पनेचा इतिहास

प्रस्तावना

मानवाने निर्माण केलेल्या कल्पित सृष्टींमध्ये पंखधारी जीवांचे स्थान अनन्यसाधारण आहे. आकाशात विहार करणारा, वारा, पाऊस, अग्नी किंवा पृथ्वी यांपैकी एखाद्या निसर्गशक्तीवर सत्ता चालविणारा जीव जगातील बहुतेक सर्व प्राचीन संस्कृतींच्या वाङ्मयात आणि शिल्पात आढळतो. अशा जीवांचा विचार आपल्याकडे सामान्यतः पुराणकथा अथवा बालवाङ्मय या सदरात केला जातो. इतिहासाच्या अभ्यासात त्यांना फारसे स्थान मिळत नाही. वस्तुतः एखाद्या समाजाने कोणते पंखधारी जीव कल्पिले, त्यांना कोणते सामर्थ्य दिले आणि ते कोणाच्या दारावर कोरले, हा प्रश्न राजकीय व सामाजिक इतिहासाशी निगडित आहे.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी वऱ्हाड हा प्रदेश विशेष उपयुक्त ठरतो. अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्यानजीकच्या गाविलगडाच्या प्रवेशद्वारावर हत्तींना पकडून धरणारा दोन मस्तकांचा पक्षी, म्हणजेच गंडभेरुंड, कोरलेला आहे. या शिल्पाचा जो अर्थ एका शतकाहून अधिक काळ सांगितला जात आहे, तो पुरेसा आहे काय, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा मुख्य हेतू आहे. त्यासाठी प्रथम विदर्भाशी संबंधित वाङ्मयातील पंखधारी जीवांचा, नंतर राजचिन्ह म्हणून त्यांच्या वापराचा आणि शेवटी गाविलगडच्या शिल्पाचा विचार केला आहे.

१. विदर्भाच्या कथांतील पंखधारी जीव

विदर्भाची राजकन्या दमयंती हिची कथा महाभारताच्या वनपर्वात येते. या कथेचा आरंभ आणि तिचे वळण या दोन्ही गोष्टी पक्ष्यांमुळे घडतात. नळाने पकडलेला सोनेरी पंखांचा हंस मनुष्यवाणीने बोलून जीवदान मिळवितो आणि विदर्भात जाऊन दमयंतीपुढे नळाचे गुणवर्णन करतो. पुढे द्यूतात सर्वस्व गमावलेला भुकेला नळ अंगावरचे एकमेव वस्त्र टाकून पक्षी धरू पाहतो, तेव्हा ते पक्षी वस्त्रासह उडून जातात आणि आपण द्यूतातील फासेच असल्याचे सांगतात. एकाच आख्यानात पंख हे मीलनाचेही साधन आहेत आणि सर्वनाशाचेही. मराठीत रघुनाथ पंडितांच्या आख्यानकाव्याने हा हंस घरोघरी पोहोचविला. वर्धा नदीच्या काठचे कौंडण्यपूर हेच भीमक राजाचे कुंडिनपूर, अशी परंपरेची धारणा असल्याने वऱ्हाडातील श्रोत्याला ही कथा दूरदेशीची वाटत नाही.

पंखांचा संबंध निसर्गशक्तीशी अधिक स्पष्टपणे जोडणारी कथा मैत्रायणी संहितेत आहे. पर्वत ही प्रजापतीची ज्येष्ठ अपत्ये. त्यांना पंख होते व ते वाटेल तेथे उडून बसत. त्यामुळे पृथ्वी अस्थिर झाली. इंद्राने त्यांचे पंख छाटले आणि त्याच पर्वतांनी पृथ्वी स्थिर केली. छाटलेले पंख मेघ झाले, म्हणूनच मेघ सदैव पर्वताकडे धाव घेतात. रामायणाच्या सुंदरकांडातील मैनाक पर्वत हनुमंताला हीच हकीकत सांगतो. वायूने समुद्रात लोटल्यामुळे त्याचे पंख तेवढे वाचले. कालिदासानेही ‘कुमारसंभवा’त मैनाकाचा असा उल्लेख केला आहे. म. म. वा. वि. मिराशी यांनी ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक होय, असे प्रतिपादन केले. त्या डोंगरावरून यक्षाने ज्या मेघाला दूत म्हणून पाठविले, तो या वैदिक कथेच्या दृष्टीने पर्वताचा तुटलेला पंखच ठरतो. आषाढात सातपुड्याच्या कड्यांना बिलगणारे ढग ज्याने पाहिले आहेत, त्याला या कथेमागील निरीक्षण किती अचूक आहे, हे सांगावे लागत नाही.

मार्कंडेय पुराणाची रचनाही या संदर्भात लक्षणीय आहे. जैमिनीच्या मनातील महाभारतविषयक शंकांचे निरसन विंध्य पर्वताच्या गुहेत राहणारे पिंगाक्ष, विबोध, सुपुत्र आणि सुमुख हे चार पक्षी करतात. भारतीय युद्धाच्या वेळी रणभूमीवर पडलेल्या अंड्यांवर सुप्रतीक नावाच्या हत्तीची घंटा पडली आणि तिच्याखाली ती सुरक्षित राहिली. शमीक ऋषींनी त्या पिलांना वाढविले. येथे पंखधारी जीव ज्ञानाचा अधिकारी आहे.

मेळघाटातील कोरकू समाजाची उत्पत्तिकथा रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नोंदविली आहे. विंध्य व सातपुडा निर्मनुष्य असल्याचे पाहून रावणाने महादेवाला तेथे मनुष्यवस्ती करण्याची विनंती केली. महादेवाने कागेश्वर नावाच्या कावळ्याला तांबड्या मातीच्या वारुळाच्या शोधार्थ पाठविले. त्या मातीपासून महादेवाने स्त्री-पुरुषांच्या आकृती घडविल्या, परंतु इंद्राच्या अग्निमय घोड्यांनी त्या तुडविल्या. अखेरीस महादेवाने निर्माण केलेल्या कुत्र्याने घोड्यांना पिटाळले आणि मुला व मुलाई हे आद्य दांपत्य सजीव झाले. संस्कृत परंपरेत पंख छाटणारा इंद्र आणि कोरकू परंपरेत मातीची माणसे तुडविणारा इंद्र, या दोन्ही कथांत डोंगराच्या बाजूने पाहिले असता इंद्र हा बाहेरून आलेला बलवान आहे. या साम्यावरून एका कथेचा उगम दुसऱ्या कथेत आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. मात्र एकाच पर्वतरांगेविषयी दोन समाजांनी रचलेल्या कल्पना शेजारी ठेवून वाचण्याजोग्या आहेत, एवढे निश्चित.

वरील कथांतून एक गोष्ट दिसून येते. कल्पित सृष्टी म्हणजे मनास येईल ते लिहिणे नव्हे. तिला स्वतःचे नियम असतात. पंख असलेला पर्वत सामर्थ्यवान असतो, पण त्यामुळे पृथ्वी ढळते. हंस दूत होतो, पण त्याला आधी जीवदान मिळावे लागते. प्रत्येक सामर्थ्याला मर्यादा आहे आणि प्रत्येक सामर्थ्याची किंमत आहे. हा नियमबद्धपणाच या कथांना पिढ्यान्‌पिढ्या टिकवून ठेवतो.

२. गरुड : कथेकडून राजचिन्हाकडे

या परंपरेतील सर्वांत प्रभावी पंखधारी जीव म्हणजे गरुड. महाभारताच्या आदिपर्वात त्याच्या जन्माच्या वेळी देवांना तो साक्षात अग्नी वाटतो. त्यांच्या विनंतीवरून तो आपले तेज आवरतो. अमृताभोवतीचा अग्नी विझविण्यासाठी तो ८१०० मुखे धारण करून नद्यांचे पाणी पितो आणि ते अग्नीवर ओततो. त्याच्या पंखांच्या वाऱ्याने उठलेल्या धुळीत देवसैन्य आंधळे होते. इंद्राचे वज्र त्याला इजा करू शकत नाही, तरीही वज्राचा मान राखण्यासाठी तो स्वतःचे एक पीस गळू देतो. अग्नी, जल व वायू या तिन्हींवर सत्ता असलेल्या या जीवाचे मोठेपण अखेर त्याच्या संयमात दाखविले आहे.

याच आख्यानात आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा असा एक प्रसंग आहे. संपत्तीच्या वाटणीवरून भांडणारे विभावसू आणि सुप्रतीक हे दोन भाऊ परस्परांच्या शापाने कासव व हत्ती होतात आणि तरीही भांडतच राहतात. भुकेलेला गरुड त्या दोघांना नखांत धरून उडतो. नखांत हत्ती धरलेला महापक्षी ही प्रतिमा अशा रीतीने भारतीय परंपरेत फार पूर्वीपासून रुजलेली आहे.

अशा सामर्थ्यवान जीवाकडे राजसत्तेचे लक्ष जाणे स्वाभाविक होते. समुद्रगुप्ताच्या अलाहाबाद येथील स्तंभलेखात गरुडमुद्रेचा निर्देश आहे. द्वितीय चंद्रगुप्ताची कन्या आणि वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे सापडला आहे. म्हणजे ज्या कुळाने गरुडाला आपली मुद्रा केले, त्या कुळाची कन्या या भूमीच्या कारभारात सहभागी होती. पुढे देवगिरीच्या यादवांनी सुवर्णगरुडध्वज मिरविला आणि वऱ्हाड त्यांच्या राज्यात होता. तात्पर्य, बहमनी सत्तेच्या आगमनापूर्वीच या प्रदेशात पंखधारी जीव आणि सार्वभौमत्व यांचे नाते प्रस्थापित झालेले होते.

३. गाविलगड आणि नरनाळा : दोन गड, दोन भाषा

फरिश्त्याच्या इतिहासानुसार बहमनी सुलतान अहमदशाह वली याने इ. स. १४२५ च्या सुमारास एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे मुक्काम असताना गाविलगड बांधविला आणि नरनाळ्याची दुरुस्ती केली. इ. स. १४७१ मध्ये वऱ्हाडची सुभेदारी फतहुल्ला इमादउल्मुल्क याच्याकडे आली. इ. स. १४९० मध्ये त्याने स्वतंत्र सत्ता स्थापन केली आणि इ. स. १५७४ पर्यंत इमादशाही टिकली. स्वतंत्र होण्याच्या आधीच्या काही वर्षांत त्याने या दोन्ही गडांच्या बांधकामाकडे लक्ष दिल्याचे दिसते. अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात असलेल्या नरनाळ्याच्या महाकाली दरवाजावरील शिलालेख इ. स. १४८७ चा आहे आणि गाविलगडची दुरुस्ती त्यानंतर लगेच झाली, असे मानले जाते.

हे दोन गड शेजारी ठेवून पाहिले असता एक विलक्षण भेद जाणवतो. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा अक्षरांतून बोलतो. सुरेख वळणाचे कोरीव लेख, बहमनी सुलतानांची वंशावळ, कमळाच्या आकृती आणि जाळीदार सज्जे ही त्याची वैशिष्ट्ये. तेथे बांधणारा स्वतःला बहमनी तख्ताचा सेवक म्हणवितो. गाविलगडच्या प्रवेशद्वारावर मात्र अक्षरांऐवजी सिंहाकृती आणि हत्तींना पकडणारा दोन मस्तकांचा पक्षी दिसतो. एकाच सुभेदाराच्या अमलातील दोन गडांवर, जवळजवळ एकाच काळी, सत्तेच्या या दोन भाषा वापरल्या गेल्या.

४. रूढ अर्थ आणि त्याची तपासणी

विसाव्या शतकाच्या आरंभी व्होल्स्ली हेग यांनी वऱ्हाडातील शिलालेखांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हापासून गाविलगडच्या गंडभेरुंडाचा एक अर्थ रूढ झाला आहे. फतहुल्ला हा मूळचा विजयनगरच्या राज्यातील ब्राह्मण मुलगा. बहमनी सैन्याच्या हाती लागून तो मुसलमान झाला व वऱ्हाडात वाढला. सत्ता हाती येताच त्याने आपल्या मूळ राज्याचे चिन्ह गडाच्या दारावर कोरविले, असा तो अर्थ. ही कथा हृदयस्पर्शी आहे आणि म्हणूनच ती स्थानिक इतिहासविषयक लेखनात वारंवार येते. परंतु तिच्यासंबंधी चार मुद्दे विचारात घेणे आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा साधनांचा. फतहुल्लाच्या जन्माची हकीकत मुख्यतः फरिश्त्यावर आधारलेली आहे. फरिश्त्याने आपला ग्रंथ सतराव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे फतहुल्लाच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी पूर्ण केला. ही हकीकत खोटी मानण्याचे कारण नाही. मात्र ती शिल्पाचा अर्थ लावण्याचा एकमेव आधार होऊ शकत नाही.

दुसरा मुद्दा चिन्हाचा. विजयनगरची राजमुद्रा वराहाची होती. गंडभेरुंड विजयनगरच्या नाण्यांवर ठळकपणे येतो तो अच्युतरायाच्या काळात, इ. स. १५२९ ते १५४२ या दरम्यान. फतहुल्लाचा मृत्यू इ. स. १५०४ मधील आहे. त्यामुळे त्याने बालपणी पाहिलेले ‘राजचिन्ह’ म्हणून गंडभेरुंडाकडे बोट दाखविणे कालक्रमाच्या दृष्टीने अडचणीचे आहे. अर्थात गंडभेरुंडाची कर्नाटकातील परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. बळ्ळिगावी येथील भेरुंडस्तंभ इ. स. १०४७ चा आहे. बेलूरच्या होयसळकालीन मंदिरात एकाने दुसऱ्याला गिळण्याची जी साखळी कोरली आहे, तिच्यात हत्तीवर सिंह, सिंहावर शरभ आणि शरभावर गंडभेरुंड मात करतो. म्हणजे हा पक्षी विशिष्ट राजवंशाची खूण होण्यापूर्वी ‘सर्वांहून बलवान’ या कल्पनेचे चित्ररूप होता.

तिसरा मुद्दा तुलनेचा. प्रवेशद्वारावर हिंस्र अथवा कल्पित पशू कोरण्याची पद्धत दख्खनमध्ये सर्वत्र आढळते. बीदरच्या इ. स. १५०३ च्या शर्झा दरवाजाचे नावच त्यावरील पशूंवरून पडले आहे. गोवळकोंड्याच्या बालाहिसार दरवाजावर सिंह व कल्पित पशू आहेत. सिद्द्यांच्या जंजिऱ्याच्या महाद्वारावर हत्तींना जखडून धरणारा पशू आहे. या सर्वांच्या निर्मात्यांना विजयनगरमधील बालपण नव्हते. तेव्हा जी गोष्ट सर्वांनी केली, तिचे कारण एकाच्या वैयक्तिक चरित्रात शोधणे पद्धतीच्या दृष्टीने योग्य ठरत नाही.

चौथा मुद्दा अर्थग्रहणाचा. गाविलगडच्या दारातून जाणारे लोक एकाच परंपरेतील नव्हते. फारसी जाणणाऱ्या सरदाराला हत्ती उचलणारा पक्षी म्हटल्यावर ‘रुख’ आठवला असणार. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोनेही हत्ती उचलून नेणाऱ्या या पक्ष्याची वार्ता लिहून ठेवली आहे. कानडी पाथरवटाला तो गंडभेरुंड वाटला असेल. पुराण ऐकणाऱ्या वऱ्हाडी शिपायाला नखांत गज धरलेला गरुड दिसला असेल. नाव वेगळे, पण आशय एकच : येथे राहणारा हत्तीदळाला भीत नाही. हत्ती हे मध्ययुगीन सैन्याचे सर्वांत मोठे बळ होते, हे ध्यानात घेतले म्हणजे गडाच्या दारावर हेच चित्र का, याचा उलगडा होतो.

या चार मुद्द्यांवरून फतहुल्लाच्या मनात आपल्या जन्मभूमीची स्मृती नव्हतीच, असे सिद्ध होत नाही. एवढे मात्र म्हणता येते की, गाविलगडचा पक्षी हा लपविलेल्या धर्माचा कबुलीजबाब नव्हे, तर अनेक परंपरांतील माणसांना एकाच वेळी कळेल अशी दख्खनी सत्तेची सामायिक भाषा आहे. रूढ अर्थात एका माणसाची ओळख दोन भागांत विभागली जाते : बाहेरचा मुसलमान आणि आतला ब्राह्मण. पंधराव्या शतकातील दख्खनला ही विभागणी ज्या रूपात आपण आज करतो, त्या रूपात अभिप्रेत होती काय, हा प्रश्न या दरवाजासमोर उभे राहून विद्यार्थ्यांना विचारता येण्यासारखा आहे. निजामशाहीच्या संस्थापकाचे घराणेही पाथरीच्या ब्राह्मण कुळातून आले होते, हे लक्षात घेता हा प्रश्न केवळ एका गडापुरता मर्यादित राहत नाही.

५. पंख असलेले द्वार आणि त्याचे भवितव्य

कल्पित प्राण्याचे सामर्थ्य गडाला वाचवू शकत नाही. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा पराभव झाला. त्यानंतर १५ डिसेंबर रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजांनी गाविलगड घेतला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. इंग्रजी तोफांनी उत्तरेकडील तटाला खिंडार पाडले. हत्तीदळाला भिववणाऱ्या पक्ष्याची भाषा तोफखान्याच्या युगात कालबाह्य झाली होती. १८५८ मध्ये तात्या टोपे यांच्या हाती तो पडू नये म्हणून गडाची संरक्षणव्यवस्था मोडून टाकण्यात आली. सत्ता गेली, तट ढासळले, पण शिल्प राहिले.

आज या शिल्पाला शत्रूचे भय नसून पावसाचे, वाढत्या झाडोऱ्याचे आणि आपल्या अनास्थेचे भय आहे. मेळघाटातील प्रचंड पावसात कोरीव दगडाची झीज अटळ असते. लायल यांचे १८७० चे गॅझेटियर, कझन्स यांची १८९७ ची यादी, १९१० व १९११ ची जिल्हा गॅझेटियरे आणि यादव माधव काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ ही साधने आपल्या हाती आहेत. त्यांच्या पलीकडे जाऊन प्रत्येक आकृतीचे मोजमाप, रेखाटन व छायाचित्रण करण्याचे काम अमरावती आणि अकोला येथील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना सहज करता येईल. एखाद्या शिल्पाचा अर्थ पुढे बदलू शकतो. परंतु शिल्पच पुसले गेले, तर पुढील अभ्यासकाला आपला निष्कर्ष तपासूनही पाहता येणार नाही.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) विदर्भाशी संबंधित संस्कृत, मराठी आणि कोरकू कथांत पंखधारी जीवांची समृद्ध परंपरा असून, त्यांच्या सामर्थ्याला नियम व मर्यादा आहेत.

२) गरुडाच्या रूपाने पंखधारी जीव बहमनी काळापूर्वीच सार्वभौमत्वाचे चिन्ह झाला होता. हत्ती धरणाऱ्या पक्ष्याची प्रतिमाही तितकीच जुनी आहे.

३) गाविलगडचा गंडभेरुंड हे फतहुल्लाने जपलेले विजयनगरचे राजचिन्ह होय, हे मत कालक्रम आणि तुलना या दोन्ही कसोट्यांवर अपुरे पडते. त्याचे मूळ कर्नाटकी असले, तरी त्याचा वापर दख्खनच्या सामायिक दृश्यभाषेचा भाग म्हणून समजून घेणे अधिक युक्त होय.

४) नवी कल्पित सृष्टी शून्यातून निर्माण होत नाही. गाविलगडच्या पाथरवटांनी कानडी नाव, संस्कृत कथा आणि फारसी आख्यायिका यांना एका दगडात सामावून घेणारा जीव घडविला. आजचे विद्यार्थी पंख असलेल्या जीवांच्या नव्या सृष्टी रचतात, तेव्हा त्यांचे आदर्श बहुधा युरोपीय कादंबऱ्यांतून आणि चित्रपटांतून आलेले असतात. त्यात गैर काही नाही. मात्र पंख छाटलेले पर्वत, बोलणारे फासे, वारूळ शोधणारा कागेश्वर आणि दोन मस्तकांचा गजधर पक्षी ही सामग्री त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्याच्या सीमेत उपलब्ध आहे. ती त्यांच्यापर्यंत पोहोचविणे हे इतिहास आणि भाषा या दोन्ही विषयांच्या अध्यापकांचे समान कार्य आहे.